वाचकांचे प्रश्न : मॉड्यूल लोड तर झालं, पण नेमकं कुठलं?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त एकाच धाटणीचे होते. फाइल वाचायचीये नाहीतर लिहायचीये, पायथनमध्ये एखादं मॉड्यूल, म्हणजे तयार कोडची फाइल, इम्पोर्ट केलंय, आणि खाली लाल अक्षरांची रांग लागलीये. म्हणून सगळे एकत्रच घेतलेत, मधे लुआ आणि पर्ल या दुसऱ्या भाषांचाही एकेक आहे. कोडचे शब्द इथे देवनागरीत छापलेत, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करा.

ताई, मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला सीएसव्ही फाइल वाचायचा प्रोग्राम होता. वर इम्पोर्ट सीएसव्ही लिहिलं, खाली सीएसव्ही डॉट रीडर. एरर येते की पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूलमध्ये रीडर नावाचं ॲट्रिब्यूट नाही आणि पुढे सर्क्युलर इम्पोर्ट असं काहीतरी. मी तर एकच फाइल लिहिलीये, सर्कल कुठून आलं? मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तोच कोड व्यवस्थित चालतो. पायथन काढून परत टाकलं तरी तेच. – एक विद्यार्थिनी, जळगाव

तुझ्या फाइलचं नाव काय ते तू लिहिलं नाहीयेस पण मी पैज लावते, ते सीएसव्ही डॉट पीवाय आहे. मैत्रिणीने तोच कोड प्रॅक्टिकल टू वगैरे नावाने सेव्ह केला असणार, म्हणून तिच्याकडे चालतं.

होतं काय की स्क्रिप्ट चालवली की पायथन, ती स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डर सिस डॉट पाथ नावाच्या यादीत सगळ्यात वर टाकतं. त्याच्यानंतर पायथनपाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये काही दिलं असेल तर ते, मग पायथनसोबतच येणारी स्टँडर्ड लायब्ररी आणि पिपने, म्हणजे बाहेरची पॅकेजेस टाकायच्या साधनाने, टाकलेली पॅकेजेस शेवटी. इम्पोर्ट म्हटलं की ही यादी वरून खाली बघत जायची आणि त्या नावाचं पहिलं जे मिळेल ते घ्यायचं, एवढंच त्याला कळतं. खरं सीएसव्ही मॉड्यूल लायब्ररीच्या फोल्डरमध्ये जागेवरच आहे, पण तिथपर्यंत शोध पोचतच नाही कारण आधी तुझी फाइल सापडते. पायथन काढून परत टाकल्याने तुझ्या फोल्डरात काहीच बदलत नाही, म्हणून त्याचा उपयोग शून्य.

आता सर्कल. तू चालवलेली फाइल मेन या नावाने लोड होते. तिच्यातली पहिली ओळ इम्पोर्ट सीएसव्ही, म्हणून पायथनने तीच फाइल दुसऱ्यांदा, या वेळी सीएसव्ही या नावाने लोड करायला घेतली. त्या दुसऱ्या प्रतीतही पहिली ओळ इम्पोर्ट सीएसव्हीच आहे. पण आता त्या नावाचं मॉड्यूल सिस डॉट मॉड्यूल्स या डिक्शनरीत आलेलं आहे, अर्धवट का होईना पण आहे, आणि एकदा तिथे नाव आलं की पायथन परत लोड करत नाही, आहे ते हातात देतं. मग पुढच्या ओळीत तू रीडर मागितलंस, आणि तुझ्या फाइलमध्ये रीडर नावाचं काही नाहीच. स्वतःच स्वतःला इम्पोर्ट केलं की एका फाइलचंही सर्कल होतं, ते असं.

फाइलचं नाव बदल, झालं. पायकॅश फोल्डर डिलीट करायचा सल्ला कुणीतरी देईलच, त्याची गरज नाही, ती पायथन २ च्या जमान्यातली गोष्ट आहे. तेव्हा कंपाइल झालेली पीवायसी फाइल मूळ फाइलच्या शेजारीच पडून राहायची आणि नाव बदललं तरी तीच उचलली जायची. ३.२ पासून ती पायकॅशमध्ये जाते आणि मूळ फाइल नसेल तर पायथन तिच्याकडे बघत नाही.

एक सवय मात्र लावून घे. कुठलंही मॉड्यूल विचित्र वागायला लागलं की इम्पोर्टच्या खालच्याच ओळीत त्याचं डबल अंडरस्कोर फाइल डबल अंडरस्कोर प्रिंट करून बघायचं. सीएसव्हीचा पत्ता पायथनच्या लिब फोल्डरमधला आला तर ठीक, तुझ्या डेस्कटॉपवरचा आला तर चोर सापडला. पायथन ३.१३ पासून एरर मेसेजच सरळ सांगतो की बाबा या फाइलचं नाव स्टँडर्ड लायब्ररीतल्या मॉड्यूलसारखं आहे, बदल. कॉलेजच्या लॅबमध्ये जुनं व्हर्जन असेल तर ते सुख नाही. रँडम, कॅलेंडर, टर्टल, जेसन ही नावं पण टाळ, आणि ईमेल डॉट पीवाय तर अजिबात नको. तुझ्या प्रोग्रामचा मेलशी काही संबंध नसला तरी यूआरएललिबला आतून ईमेल पॅकेज लागतं, मग वेबवरून काही डाउनलोड करायला गेलीस की भलत्याच ठिकाणी बोंब होते आणि शोधायला अख्खी दुपार जाते.

ओपन फंक्शन वापरायचं तर इम्पोर्ट आयओ लिहावंच लागतं असं आमचे सर सांगतात. मी न लिहिता पण चालतं. मार्क कापले जातात. खरं काय? – एक विद्यार्थी, लातूर

पायथन ३ मध्ये लिहायची गरज नाही. ओपन बिल्ट-इन आहे, आणि ते आणि आयओ डॉट ओपन हे दोन्ही एकच फंक्शन आहे. ओपन इज आयओ डॉट ओपन असं टाइप करून बघ, ट्रू येईल. आणि आयओ मॉड्यूल तू लोड केलं नाहीस तरी ते लोड झालेलंच असतं. तू प्रिंट केलेलं स्क्रीनवर जातं तो सिस डॉट एसटीडीआउट हाच मुळी आयओमधला टेक्स्टआयओरॅपर जातीचा ऑब्जेक्ट आहे, त्यामुळे तुझी पहिली ओळ चालायच्या आधीच ते आलेलं असतं. त्याची गंमत अशी की वरच्या मुलीने फाइलला आयओ डॉट पीवाय नाव दिलं असतं तर उलटं झालं असतं, खरं आयओ आधीच सिस डॉट मॉड्यूल्समध्ये असल्याने इम्पोर्ट आयओ केल्यावर तेच मिळालं असतं आणि स्वतःची फाइल कधीच लोड झाली नसती.

सर अगदीच हवेत बोलत नाहीयेत पण. पायथन २ मध्ये ही दोन फंक्शनं वेगळी होती, साध्या ओपनला एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कुठल्या बाइटांत साठवलीयेत ते, सांगता यायचं नाही आणि त्यासाठी लोक आयओमधूनच ओपन घ्यायचे. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, नोट्स मात्र फिरतायत अजून. तुला आयओ इम्पोर्ट करावं लागेल ते स्ट्रिंगआयओ किंवा बाइट्सआयओ वापरताना, म्हणजे डिस्कवर फाइल न बनवता मेमरीतच फाइलसारखं काहीतरी हवं असेल तेव्हा. तोवर मार्कांसाठी लिही एक ओळ, बिघडत काही नाही.

मी एका गेमसाठी लुआमध्ये मॉड लिहितोय. स्कोअर फाइलमध्ये सेव्ह करायला आयओ डॉट ओपन वापरलं तर ग्लोबल आयओ निल आहे म्हणतंय. वर रिक्वायर आयओ लिहिलं तर मॉड्यूल सापडत नाही. माझ्या लॅपटॉपवरच्या लुआमध्ये मात्र चालतं. – एक वाचक, डोंबिवली

लॅपटॉपवरचा लुआ प्रोग्राम सुरू होतानाच सगळ्या स्टँडर्ड लायब्ररी उघडतो, आयओ त्यातच. गेमच्या आत लुआ बसवलेलं असतं तेव्हा कुठल्या लायब्ररी द्यायच्या ते गेम बनवणारा ठरवतो, आणि कुणाचंही मॉड येऊन डिस्कवरच्या फाइली वाचू-लिहू नये म्हणून आयओ आणि ओएस या दोन बहुतेकदा मुद्दाम दिलेल्याच नसतात. रिक्वायर आधी पॅकेज डॉट लोडेडमध्ये बघतं, तिथे आयओ नाही, मग त्या नावाची फाइल शोधत बसतं, ती कशी सापडणार. सेव्ह करायची सोय गेमच्या स्वतःच्या मॉडिंग फंक्शनांत असेल तर असेल, त्याचं डॉक्युमेंटेशन बघ. बाहेरून आयओ घुसवायच्या भानगडीत पडू नकोस.

मॅडम, मी पतसंस्थेत नोकरी करतो, हौसेने पायथन शिकतोय. शाखांच्या यादीची सीएसव्ही वाचायची आहे, मराठीत आहे. नोटपॅडमध्ये छान दिसते पण पायथनमध्ये चारमॅप कोडेक बाइट ०एक्स८१ डिकोड करू शकत नाही अशी एरर येते. छोट्या फाइली करून बघितल्या, नुसतं सातारा लिहिलं तर एरर नाही पण प्रिंटला चित्रविचित्र अक्षरं, पुणे लिहिलं की एरर. आयओ इम्पोर्ट केलं, कोडेक्स इम्पोर्ट केलं, फरक नाही. – एक वाचक, सातारा

तुम्ही साताऱ्याचे म्हणून पायथनने सूट दिली असं नाहीये हो. पण छोट्या फाइली करून बघितल्यात हे फार बरं केलंत, त्यातच उत्तर आहे.

नोटपॅडने फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली. विंडोजवर पायथनला ओपन करताना एन्कोडिंग सांगितलं नाही तर ते विंडोजचं जुनं कोडपेज धरतं, आपल्याकडच्या इंग्रजी सेटिंगच्या मशीनवर ते सहसा १२५२ असतं, पश्चिम युरोपातल्या भाषांसाठीचं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, पहिला बाइट कायम ई० (हे आकडे हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पद्धतीतले), दुसरा ए४ किंवा ए५, तिसरा बदलत जातो. कोडपेज १२५२ मध्ये एक बाइट म्हणजे एक अक्षर, त्यामुळे एकेका चिन्हाची तीन-तीन भलती अक्षरं होतात, ती तुमची चित्रविचित्र अक्षरं. आणि त्या कोडपेजात पाच जागा रिकाम्या आहेत, ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. तिथे कुठलंच अक्षर नाही, म्हणून त्यातला बाइट आला की पायथन हात वर करतं.

सातारामध्ये स, त, र आणि काना आहे, यातला एकही त्या पाचात जात नाही, म्हणून कचरा येतो पण एरर येत नाही. पुणेमधला ऱ्हस्व उकार म्हणजे ई०, ए५, ८१. पहिले तीन बाइट प चे, मग उकाराचा तिसरा बाइट, मोजणी शून्यापासून, म्हणून तुमच्या एररमध्ये शेवटी पोझिशन ५ असणार, बघा. ठाणे लिहून बघा, कचरा येईल पण चालेल. कोल्हापूर लिहा, तिथे बाइट ८डी वर अडेल, कारण ८डी हा आपल्या पाय मोडायच्या चिन्हाचा शेवटचा बाइट आहे, म्हणजे फाइलमध्ये एक जोडाक्षर आलं की खेळ खलास. ए, ऐ आणि झ पण त्याच यादीत. आता मराठीत ऱ्हस्व उकार नाही, जोडाक्षर नाही अशी सभासदांची यादी कुठून आणणार?

मॉड्यूलचा यात काही दोष नाही, कितीही इम्पोर्ट केलीत तरी फरक पडणार नाही. ओपनमध्येच एन्कोडिंग बरोबर (म्हणजे = हे चिन्ह) यूटीएफ-८ असं लिहा, वाचताना पण आणि लिहिताना पण. प्रत्येक ठिकाणी लिहायचा कंटाळा असेल तर पायथनयूटीएफ८ नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून ठेवता येतो, ३.७ पासून ती सोय आहे, आणि ३.१५ पासून हाच डिफॉल्ट करायचं पायथनवाल्यांनी ठरवलंय. तरी मी म्हणेन लिहाच, कारण तुमची स्क्रिप्ट उद्या दुसऱ्या शाखेतल्या जुन्या मशीनवर जाणार.

तुम्ही पुढच्या आठवड्यात जे विचारणार तेही आत्ताच सांगून टाकते. पायथनने लिहिलेली सीएसव्ही साहेब एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडतील आणि तिथे परत कचरा दिसेल. एक्सेलला फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची खूण लागते, ती टाकायला लिहिताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या. उलट एक्सेलमधून सीएसव्ही यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलेली फाइल नुसत्या यूटीएफ-८ ने वाचलीत तर ती खूण पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटते, प्रिंट केलं तर नाव असंच दिसतं, पण रो मधून नाव मागितलं की कीएरर. माणूस वेडा होतो. वाचतानाही सिग वापरा, खूण नसली तरी ते निमूट चालतं. आणि लिहिताना ओपनमध्ये न्यूलाइन बरोबर रिकामी स्ट्रिंग द्या, नाहीतर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ येते.

एकच अडचण यातून सुटणार नाही. संस्थेचं जुनं सॉफ्टवेअर श्रीलिपी किंवा शिवाजी अशा जुन्या फॉन्टातलं असेल तर त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नाहीतच, इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्रं चढवलेली आहेत. तिथे आधी त्या फॉन्टाचा युनिकोड कन्व्हर्टर लागेल, मग पायथन.

दूध संकलन केंद्रावर वजनकाट्याचं रीडिंग सीरियल केबलने लॅपटॉपमध्ये घ्यायचंय. पिप इन्स्टॉल सीरियल केलं, इम्पोर्ट सीरियल पण होतं, पण सीरियल डॉट सीरियल म्हटलं की असं ॲट्रिब्यूटच नाही. – एक वाचक, फलटण

दोनपैकी एक कारण. तुमच्या स्क्रिप्टचं नाव सीरियल डॉट पीवाय असेल तर पहिलं उत्तर वाचा. नसेल तर चुकीचं पॅकेज आलंय. तुम्हाला हवं ते पिपवर पायसीरियल नावाने आहे आणि इम्पोर्ट करताना मात्र सीरियल. नुसत्या सीरियल नावाचं दुसरंच पॅकेज आहे, त्याचा केबलशी काही संबंध नाही, आणि दोन्ही त्याच नावाच्या फोल्डरात जाऊन बसतात. आता घाईत पायसीरियल वरून टाकू नका, आधी दोन्ही अनइन्स्टॉल करा मग पायसीरियल एकटं टाका. असं बऱ्याच ठिकाणी आहे, पिपवर पायथन-डॉक्स आणि इम्पोर्टला डॉक्स, पिपवर पिलो आणि इम्पोर्टला पीआयएल. नाव अंदाजाने टाकण्यापेक्षा त्या पॅकेजच्या डॉक्युमेंटेशनमधून उचला.

पोर्ट उघडताना टाइमआउट द्यायला विसरू नका. तो नसेल आणि काट्याची केबल सुटली तर रीडलाइन तिथेच अनंतकाळ वाट बघत बसतं आणि मागे कॅन घेऊन रांग. शिवाय हातात येतात ते बाइट्स, त्यावर आधी डिकोड, मग स्ट्रिप, मग फ्लोट.

ओपनपायएक्सएल टाकलंय, परत टाकायला गेलं तर रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड म्हणतं, तरी चालवताना मॉड्यूल नॉट फाउंड. – बऱ्याच जणांचा

मशीनवर दोन पायथन आहेत, पिप एकात टाकतंय आणि तुम्ही चालवताय दुसरं. स्क्रिप्टमध्ये सिस डॉट एक्झिक्यूटेबल प्रिंट करा, चालणारं पायथन कुठलं ते कळेल. आणि पुढे कायम नुसतं पिप न म्हणता पायथन -एम पिप इन्स्टॉल असं म्हणा, म्हणजे ज्या पायथनने चालवणार त्याच्यातच जाईल. नवीन उबुंटूवर एक्स्टर्नली मॅनेज्ड असं सांगून पिप नकार देतं, तिथे जबरदस्ती करू नका, व्हीएन्व्ह, म्हणजे त्या कामापुरतं वेगळं पायथनचं फोल्डर, बनवा.

ताई, माझ्या फोल्डरमध्ये मदत डॉट पीवाय आणि डेटा डॉट टीएक्सटी शेजारी-शेजारी आहेत. इम्पोर्ट मदत चालतं, पण ओपन डेटा डॉट टीएक्सटीला फाइल नॉट फाउंड. दोन्ही एकाच जागी असताना एक सापडतं आणि एक नाही हे कसं? – एक वाचक, मडगाव

कारण दोघं वेगवेगळ्या ठिकाणी शोधतात. इम्पोर्ट स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये बघतं, ओपन मात्र करंट डिरेक्टरीत, म्हणजे तुम्ही टर्मिनल जिथे उघडलंय तिथे. एडिटरमध्ये वरचा मोठा फोल्डर उघडून आतली स्क्रिप्ट रन केली की हे हमखास होतं, आणि क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीतून, चालवलं तर होणारच. पाथलिबमधला पाथ घ्या, त्याला स्क्रिप्टचं डबल अंडरस्कोर फाइल द्या, त्याचा पेरेंट काढा आणि त्याला स्लॅशने डेटा डॉट टीएक्सटी जोडा. मग कुठूनही चालवा. सीवरून सुरू होणारा पूर्ण पत्ता कोडमध्ये चिकटवणं हा उपाय नाही, तो फक्त तुमच्याच मशीनवर चालतो.

आमच्या ऑफिसात पर्लचा जुना रिपोर्ट स्क्रिप्ट आहे, लिहिणारे कधीच रिटायर झाले. सर्व्हर नवा आला आणि स्क्रिप्टच्याच फोल्डरमधलं आमचं रिपोर्ट आयओ मॉड्यूल सापडत नाही म्हणतो. फाइल जागेवर आहे. – एक वाचक, नागपूर

फाइल जागेवर आहे, पर्ल तिथे बघायचं बंद झालंय. पर्लची शोधायची यादी म्हणजे ॲट आयएनसी, तिच्या शेवटी पूर्वी एक टिंब असायचं, टिंब म्हणजे करंट डिरेक्टरी. २०१७ च्या ५.२६ व्हर्जनमध्ये ते काढलं. कारण सरळ आहे, ॲडमिन टेम्प फोल्डरमध्ये उभा राहून एखादी कमांड चालवतो आणि कुणीतरी आधीच तिथे त्या नावाचं मॉड्यूल टाकून ठेवलंय, की त्याचा कोड ॲडमिनच्या अधिकाराने चालला. माझ्या मते पर्लवाल्यांनी हे बरंच केलं. पायथनला ३.११ मध्ये कॅपिटल पीचा ऑप्शन आलाय, तो दिला तर स्क्रिप्टचा फोल्डर यादीत येत नाही, पण मागितला तरच.

स्क्रिप्टच्या वरच्या भागात यूज फाइंडबिन आणि त्याखाली यूज लिब करून फाइंडबिनचा बिन द्या, दोन ओळींचं काम आहे. पर्ल यूज अनसेफ आयएनसी हा व्हेरिएबल १ करून पण चालेल, पण ते आज रात्रीचा रिपोर्ट काढण्यापुरतं, कायमचं ठेवू नका. आणि स्क्रिप्टमध्ये डू लिहून कुठली कॉन्फिग फाइल ओढलीये का ते शोधा. डू ला फाइल सापडली नाही तर तो बंद पडत नाही, पुढे जातो, आणि रिपोर्ट निघतो पण आकडे रिकामे. यूज आणि रिक्वायर निदान तिथेच थांबतात तरी.

रात्री क्रॉनमधून स्क्रिप्ट चालते, प्रिंट लॉग फाइलमध्ये वळवलंय. दोन तास चालते पण लॉग शेवटपर्यंत रिकामा. टर्मिनलवर लगेच दिसतं. – एक वाचक, पिंपरी

टर्मिनलवर पायथन एकेक ओळ बाहेर सोडतं, फाइलकडे वळवलं की बफर भरेपर्यंत साठवतं. प्रिंटमध्ये फ्लश बरोबर ट्रू द्या किंवा क्रॉनच्या ओळीत पायथननंतर -यू लावा. स्क्रिप्ट मधेच किल झाली तर साठवलेल्या ओळी पण जातात, तेव्हा अडकली कुठे ते शोधायचं असेल तर हे आजच करा.